तात्यांचं चालतं कुंपण

आमच्या तात्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते चार पायांवर होते.

लग्न होऊन मला या घरात येऊन दोनच दिवस झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "जा, तात्यांच्या पाया पडून ये. मांडवात गर्दीत तुझं ऱ्हायलंच." तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे कधीच वारले होते, त्यामुळे घरात वडीलधारे पुरुष म्हणायला तेवढे एकच. त्यांचं घर आमच्या अंगणाला अंगण लावून. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, हातात नारळ घेतला आणि गेले.

अंगणात कुडाच्या चार ताट्या उभ्या करून एक चौकोन केला होता. त्या चौकोनात धोतराचा काचा घट्ट मारलेले एक साठीचे गृहस्थ हातापायांवर रांगत होते. रांगत रांगत ते एका ताटीपाशी गेले, मान खाली घातली आणि डोक्यानं तिला धडक दिली. ताटी हलली. ते "हं" म्हणाले, चार पावलं मागं सरले आणि पुन्हा धडक दिली. या खेपेला ताटी त्यांच्या अंगावर आली.

मी नारळ छातीशी धरून तशीच उभी. नमस्कार करायचा तर यातल्या कुठल्या दोन पायांना, हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं.

ताटीखालून आवाज आला, "या, या, बसा. कोण, सूनबाई का? काय आहे, माणसाच्या उंचीवरून हे कुंपण भक्कम दिसतं. मेंढीच्या उंचीवरून अगदी बेभरवशाचं आहे."

तात्यांनी मुंबईत जोड्यांच्या एका दुकानात तीस वर्षं नोकरी केली होती. बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा, पितळी पट्टीनं जोडा चढवायचा आणि म्हणायचं, "आता चार पावलं चालून बघा." नोकरी संपवून गावी आले, पण हे वाक्य काही दुकानात राहिलं नाही. जगातली निम्मी दुःखं न घालता घेतलेल्या जोड्यांची असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. वस्तू ज्याच्यासाठी आहे, त्याच्या जागी बसून ती आधी वापरून बघायची. छत्री घ्यायला ते म्हसळ्याच्या बाजारात गेले की दुकानदार न सांगता पाण्याची कळशी भरून आणायचा. शेजारच्या धोंडूनं बैलांसाठी नवीन जू करून घेतलं, तेव्हा तात्यांनी ते आधी स्वतःच्या मानेवर घेतलं, दुसऱ्या बाजूला खुद्द धोंडूला जुंपलं आणि शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत दोघं चालून आले. "डावीकडे खुपतंय," तात्या म्हणाले. सुतारानं कुरकुरत डावीकडे रंधा मारला.

दुकानाची आणखी एक सवय त्यांना लागली होती. ते सगळ्यांना 'अहो' म्हणायचे. मला अहो, धोंडूच्या शेंबड्या पोराला अहो, धोंडूच्या बैलालाही अहो. सासूबाई म्हणायच्या, "आमचे भावोजी कुत्र्याला हाकलतील तं म्हनतील, जरा बाजूला होता का?"

हे सगळं स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाचं. आमची वाडी म्हसळ्याहून दिघीकडे जाताना लागते. भाताची खाचरं, मागं कातळाचा उघडा माळ, मध्ये एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. वाडीतले कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला. माझे यजमानही गोदीत कामाला. लग्नानंतर आठवड्यानं ते दिघीहून बोटीनं गेले, ते आता गणपतीलाच यायचे होते. घरात सासूबाई आणि मी. आणि अंगणापलीकडे तात्या, चार पायांवर.

आता मेंढ्या कुठून आल्या ते सांगते, कारण आमच्या कोकणात कोणी मेंढ्या पाळत नाही. भातं कापून झाली की घाटावरून धनगर आपले कळप घेऊन खाली उतरतात. रिकाम्या शेतात मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळतं, धनगराला भात मिळतं, आणि पावसाच्या आत ते घाट चढून परत जातात. त्या वर्षी आमच्या शेतांवर बिरू धनगर होता. त्याची बायको ठकू इथंच, आमच्या खाचराच्या कडेला, पालात बाळंत झाली होती. निघायची वेळ आली तेव्हा कळपातल्या सात मेंढ्या लंगडत होत्या. त्या घाट चढणं शक्य नव्हतं. बिरू त्यांना म्हसळ्याच्या खाटकाकडे न्यायला निघाला. खांद्यावर तान्हं पोर घेऊन ठकूनं नुसती पाठ फिरवली आणि माळाकडे तोंड करून उभी राहिली.

तिथं तात्या होते. ते एकदम म्हणाले, "माझ्याकडे ठेवा. पाऊस सरला की घेऊन जा."

बिरू हसला. "तात्या, तुमच्या पावसात मेंढरू टिकतं व्हय? खुरं कुजत्यात."

"मग काय करायचं ते सांगा."

"चिखलात उभी ठिवायची न्हाईत. कोरडी जागा बघून रोज हलवायची. आन हप्त्यातनं एकदा एकेकीला धरून पाय बघायचा. येवढं केलं तर जगतील."

"पाय बघायचा?" तात्यांचा चेहरा उजळला. "अहो, तीस वर्षं मी दुसरं केलंय काय?"

अशा त्या सात मेंढ्या तात्यांच्या अंगणात आल्या, आणि कुंपणाची निवड सुरू झाली. कुंपण असं हवं होतं, की रोज उचलून दुसरीकडे नेता येईल, एकट्या माणसाला उचलेल, आणि मेंढीला धरायची वेळ आली की ती कोपऱ्यात अलगद सापडेल. बिरू आपल्या कळपासाठी दोराची जाळी वापरायचा, तिला ते लोक वाघर म्हणतात. पण ती त्याची त्याला हवी होती. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "जाळीवानी दुसरं काय न्हाई."

कुडाच्या ताट्या पडल्या, त्या मी पाहिल्याच होत्या. मग तात्यांनी जाळी मिळवली. दिघीकडून पाटीत मासे घेऊन येणारी जनाबाई कोळीण त्यांना जुनं जाळं देऊन गेली. खुंट्यांना जाळं बांधून झाल्यावर तात्या अर्थातच आधी स्वतः आत शिरले आणि मेंढीसारखी मान बाहेर काढून बघू लागले. मान गेली, ती परत येईना. हात सोडवायला गेले, तर हातही गेला. दुसऱ्या दिवशी जनाबाई पाटी घेऊन आली, तेव्हा मी आणि सासूबाई सुरीनं जाळ्याचे दोरे कापत होतो. जनाबाईनं पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो बाय! यो कंचा म्हावरा गावला गो तुमाला?"

तरी जाळ्याला त्यांनी आणखी एक संधी दिली. जाळ्याला मासळीचा वास होता. सगळ्या वाडीची मांजरं येऊन कुंपणाभोवती गोल बसली, मांजरांच्या मागं कुत्री आली, आणि एक काळी मेंढी बिथरून जाळ्यासकट उधळली. जाळ्याचं दुसरं टोक तात्यांच्या हातात. मारुतीच्या देवळावरून पुढं मेंढी, मागं जाळं, जाळ्याच्या मागं तात्या, त्यांच्या मागं मांजरं, अशी मिरवणूक गेली. देवळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी कोणाचं लग्न म्हणून विचारलं.

मग त्यांनी काटेरी तार आणली. तिच्यावर मेंढीसारखी पाठ घासून बघितली. सासूबाईंकडून पाठीला हळद लावून घेताना म्हणाले, "माल चांगला आहे. पण गिऱ्हाईक परत येणार नाही."

त्यानंतर खाटा. ही कल्पना खरं तर वाईट नव्हती. खाट आडवी उभी केली की हलकी ताटीच होते. तात्यांनी स्वतःची खाट काढली, आमच्या दोन नेल्या, वाडीत घरोघर जाऊन गोड बोलून आणखी मागून आणल्या. वाडीतली अर्धी माणसं जमिनीवर निजायला लागली. पहिला पाऊस होऊन गेला होता, खाटांचा काथ्या भिजून सैल पडला, आणि एका सकाळी मेंढ्यांनी त्यातून आरामात वाट काढली.

त्या गेल्या थेट धोंडूच्या भाताच्या रोपात.

धोंडू आला तो मुठीत खुडलेली रोपं घेऊनच. आवाज सगळ्या वाडीला ऐकू गेला. "तात्या! तुमची गिऱ्हाइकं माजं रोप खाऊन ग्येली! आता मी लावनी कशाची करू? तुमच्या खाटेची?"

आता हसण्यासारखं काही नव्हतं. रोप गेलं म्हणजे त्या घरचं वर्ष गेलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. तात्यांनी मेंढ्यांची बाजू घेतली नाही, खाटांना दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "किती गेलं?"

"अर्धा वाफा साफ."

"चला." तात्या त्याला हाताला धरून आपल्या रोपापाशी घेऊन गेले. "यातलं पाहिजे तेवढं उपटून घ्या."

"आन तुमी?"

"मी अर्धं शेत लावीन. एकट्या माणसाला किती भात लागतं?"

धोंडू भांडायला आला होता आणि भांडण हाती लागलं नाही, त्यामुळं तो गोंधळला. मुठीतली रोपं तिथंच टाकून निघून गेला. सासूबाई मात्र संतापल्या. "परक्याच्या मेंढरांसाठी घरचं भात घालवलं! कोन लागतात ती भावोजींची?"

दुसऱ्या दिवशी धोंडू परत आला. खांद्यावर बांबू, हातात कोयता. "खाटांचं कुंपन करनारा मानूस मी अजून बघितला न्हाय," तो म्हणाला. "सरका. मी करतो."

"करा. पण आधी ठरवू," तात्या म्हणाले.

ठरवण्यात दिवस गेला. धोंडूचं म्हणणं, ताटी दाट विणावी. तात्या म्हणाले, दाट विणली की वारा तिला पाडतो. शिवाय मेंढीला बाहेरचं दिसलं पाहिजे, नाही तर बाहेर काय आहे हे बघायला ती बाहेर येते. धोंडू म्हणाला, उंच करू. तात्या म्हणाले, कमरेएवढी पुरे, मेंढी काही हरीण नव्हे. शेवटी बांबूच्या चिरलेल्या कांबी उभ्या-आडव्या बांधून, मधून हाताचा पंजा जाईल एवढी फट ठेवून एक ताटी तयार झाली. दोन्ही टोकांना दोरीची कडी. दोन ताट्यांच्या कड्या एकमेकींवर आल्या, की त्यांतून खुंटी जमिनीत मारायची. झालं.

वजन पाहायला त्यांनी मला बोलावलं. "सूनबाई, उचलून बघा. आता चार पावलं चालून बघा."

मी डोक्यावरचा पदर दातात धरून ताटी उचलली आणि चालले.

"कुठे लागतंय?"

"खांद्याला," मी म्हटलं.

धोंडूनं तिथली कांब तासली. मी परत चालले. असं चार वेळा झालं. मग तात्या चौकोनाच्या आत जाऊन चार पायांवर उभे राहिले आणि धोंडूला म्हणाले, "तुम्ही बाहेरून कोल्हा व्हा."

"म्या?"

"मग काय सूनबाईंना सांगू?"

धोंडूनं इकडं तिकडं पाहिलं, वाटेवर कोणी नाही याची खात्री केली आणि तोही खाली बसला. दोघांनी दोन्ही बाजूंनी ताटीला बराच वेळ धडका दिल्या. ताटी पडली नाही. सासूबाई घागर घेऊन विहिरीकडे चालल्या होत्या. त्या थांबल्या, दोघांकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "तू घरात चल. नवी हायेस, तुला सवय न्हाय."

अशा डझनभर ताट्या झाल्या. एका बाजूला दोन ताट्या जवळ आणून बोळ केला की त्यात एका वेळी एकच मेंढी उभी राहायची, पुढं जाता येत नाही, मागं वळता येत नाही. त्या बोळाच्या तोंडाशी तात्यांनी आपलं बुटकं स्टूल मांडलं. दुकान सुरू झालं.

पावसाळाभर दर सोमवारी हा कार्यक्रम असे. मेंढ्या कातळाच्या माळावर, कारण तिथं पाणी साचत नाही; खुंटी मारायला कातळातली भेग शोधायची. तात्या डोक्यावर इरलं घेऊन स्टुलावर. मी हाताखाली. पहिली मेंढी बोळात आली की म्हणायचे, "या बाईसाहेब. आज कसं काय?" मग तिचा पाय मांडीवर घ्यायचा, पितळी पट्टीनं खुरातला चिखल काढायचा, वास घ्यायचा, बोटानं दाबून बघायचं. मेंढीनं पाय झटकला की, "इथं लागतंय ना? वाटलंच मला." मोरचुदाच्या पाण्यात खूर बुडवायचा, पुसायचा, आणि बाईसाहेबांना सोडायचं. त्या तीन पावलं लंगडत गेल्या, तरी तात्या मान हलवत बघत राहायचे. "पुढचे पाय ठीक. मागचा डावा अजून चावतोय."

मला हसू येई. पण खरं सांगायचं तर मी सोमवारची वाट बघायला लागले होते.

लावणीच्या दिवसांत एकदा पाऊस दोन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बायका खाचरात वाकून रोपं लावत होतो. धोंडूची बायको ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "पऱ्याचा आवाज ऐका."

पऱ्या वाढत होता. वाडी अलीकडे, कातळ पलीकडे, मध्ये माणसं-गुरं जाण्यापुरता लाकडी साकव. साकवाच्या फळ्यांना पाणी लागायला वीतभरच उरलं होतं. पलीकडे तात्या आणि सात मेंढ्या.

आम्ही सगळ्या धावलो. धोंडूही आला. साकव ओलांडला, तर पलीकडच्या तोंडाशीच तात्या मेंढ्यांना आणून उभे. मेंढ्या पुढं पाऊल टाकायला तयार नाहीत. खाली तांबडं पाणी उसळत होतं, ते बघून त्या एकमेकींच्या पोटात डोकी खुपसत होत्या.

"पाठीत काठी घाला," कोणीतरी ओरडलं.

"काठी नको," तात्या म्हणाले. त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. "अहो, त्यांना खालचं पाणी दिसतंय. तुम्हांला दिसलं असतं तर तुम्ही गेला असता का? ताट्या आणा. त्यांवर तुमच्या अंगावरच्या घोंगड्या टाका."

आम्ही वर माळावर जाऊन ताट्या उपटल्या. एकेक ताटी एकेकीला सहज उचलली. दोन्ही बाजूंनी ताट्या धरून, त्यांवर घोंगड्या टाकून आम्ही साकवावर उभ्या राहिलो आणि मध्ये बोळ झाला. मला मधली जागा आली. घोंगडीच्या आडून मला पाणी दिसत होतं, मेंढ्यांना दिसत नव्हतं. तात्या बोळात उलटे तोंड करून, एकेक पाऊल मागं सरत म्हणायला लागले, "या बाईसाहेब. चार पावलं. फक्त चार पावलं चालून बघा."

काळी मेंढी आली. तिच्या मागं दुसरी. मग सगळ्या.

अलीकडे आल्यावर ताट्या खाली ठेवायला कोणी तयार होईना. मेंढ्या मध्ये, भोवती ताट्या धरलेल्या आम्ही, आणि आत तात्या, अशी सगळी वाट आम्ही तशीच चाललो. कुंपणाला पाय फुटले होते. पाऊस कोसळत होता, चिखल घोट्यापर्यंत, आणि धोंडूची बायको इतकी हसत होती की तिच्या हातातली ताटी लटलटत होती. दुपारपर्यंत साकव वाहून गेला.

गणपतीला हे आले. आईच्या हातचं जेवले, आरत्या म्हटल्या, मेंढ्यांचे पाय बघणाऱ्या काकांना बघून पोट धरून हसले, आणि पाच दिवसांनी गेले.

मार्गशीर्षात बिरू आला. ठकूच्या कडेवर आता पोर चांगलं बसत होतं. तात्यांनी ताट्या उघडल्या. सातही मेंढ्या बाहेर आल्या आणि त्यांच्या मागं दोन कोकरं. बिरू बघतच राहिला. ठकूनं पोर माझ्याकडे दिलं, खाली बसली आणि एकेकीचा पाय उचलून पाहिला. सगळे पाहून झाल्यावर तिनं तात्यांकडे बघून नुसती मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

"एक कोकरू ठिवून घ्या, तात्या," बिरू म्हणाला. "तुमचंच हाय."

"छे, छे. त्याला आईच्या मागं जाऊ द्या." तात्या हसत होते. हसतच ते कळपामागं शेताच्या बांधापर्यंत गेले. या वर्षी बिरूचा मुक्काम पलीकडच्या गावात होता. मेंढ्या त्या मोठ्या कळपात मिसळल्या आणि कोणत्या आपल्या, ते ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. मी दिव्याची काच पुसत होते. तात्या अंगण ओलांडून आले आणि पायरीशी उभे राहिले. काहीतरी सांगायला आलेत असं वाटलं.

"बसा की, भावोजी," सासूबाई म्हणाल्या.

ते बसले. मग मला म्हणाले, "सूनबाई, संध्याकाळी लोक काय करतात?"

मला वाटलं, काहीतरी गंमत करताहेत. पण ते खरंच विचारत होते.

"मेंढ्या होत्या तोवर त्यांना आत घ्यायचं, ताट्या बघायच्या, अंधार कधी पडला ते कळायचं नाही," ते म्हणाले. "मुंबईत दुकान दिवे लागल्यावर तर भरायचं. काल पहिल्यांदा संध्याकाळ आली आणि मी नुसता बसलो. फार लांब असते हो ती." मग सासूबाईंकडे वळून, अगदी हळू, "वहिनी, आमची ती काय करायची संध्याकाळी? तीस वर्षं इथं होती. मी गणपतीला नि शिमग्याला यायचो. सणाच्या संध्याकाळी वेगळ्या असतात. एरवी काय करायची, ते मी कधी विचारलंच नाही."

त्यांची बायको गेली तेव्हा ते मुंबईलाच होते, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही 'ती' एवढंच.

सासूबाईंचा हात सुपात थांबला. "काय करनार? दिवा लावायची नि हितं येऊन बसायची. तांदूळ निवडायचे. निवडून झाले तरी घरी जायची न्हाय. निवडलेले तांदूळ परत सुपात घ्यायची, नि परत निवडायची."

मी दिव्याची काच पुसत होते, ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

मग तात्यांनी हात पुढं करून सुपातले मूठभर तांदूळ आपल्या पुढ्यात घेतले आणि खडे शोधायला लागले. रोज येऊ लागले. त्यांना खडा आणि तांदूळ यांतला फरक डोळ्यांशी धरूनही कळत नसे, आणि सासूबाई त्यांनी निवडलेले तांदूळ गुपचूप पुन्हा निवडत.

पौषात ते अचानक मुंबईला गेले. नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदाच. चार दिवसांनी परत आले, काही बोलले नाहीत. शिमग्याला हे आले, तेव्हा तात्यांनी त्यांना ताट्या ठेवल्या होत्या त्या पडवीत बाजूला नेलं. मला फक्त यांचा आवाज ऐकू आला, "अहो काका, पण मुंबईत खोली कुठं मिळते?" आणि तात्यांचा, "मिळाली आहे. आमच्या दुकानामागच्या चाळीत. मी त्यात निजून बघितलं. चुलीपुढे बसून बघितलं, धूर डोळ्यांत येत नाही. नळावर बायकांच्या रांगेतसुद्धा उभा राहिलो, शिव्या खाल्ल्या. ठीक आहे. तुम्ही सूनबाईंना घेऊन जा."

परतीच्या बोटीची दोन तिकिटं होती.

दिघीच्या धक्क्यावर तात्या माझी ट्रंक स्वतः घेऊन आले. आनंद मला झाला होता, पण मागं वळून बघितल्यावर पाय निघेना. मी म्हटलं, "तात्या, आत्याबाई एकट्या पडतील हो." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

"एकट्या कशानं?" तात्या म्हणाले. "तांदूळ निवडायला दोन माणसं लागतात. एक निवडायला, आणि एक समोर बसायला."